सहाशे पन्नास ग्रॅम

अख्ख्या खानदेशात माझ्या घासाघिशीला पुरून उरलेला एकच माणूस आहे आणि दुर्दैव असं की तो माझा व्याही आहे. मी जळगावात बारदानाचा व्यापार करतो. रिकामी पोती खांद्यावर टाकून सुरुवात केली, आज दोन गोदामं आहेत, आणि मधल्या तीस वर्षांत समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मी कधी मान्य केलेला नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला तेव्हासुद्धा माझ्या तोंडून 'काही कमी होईल का' हेच निघालं. पण धुळ्याच्या या गृहस्थांपुढे माझं काही चालत नाही. एक तर मी मुलीचा बाप, म्हणजे आवाज चढवायची सोय नाही. आणि दुसरं, व्याहीबुवांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्याचा धंदा केला. जन्मभर काटा सरळ करत बसलेल्या माणसाला 'थोडं इकडेतिकडे' ही भाषाच कळत नाही.

त्यांच्या खिशात तंबाखूची एक जुनी डबी असते. तीत तंबाखू नाही, बारकी पितळी वजनं. साखरपुड्याला मी पाठवलेले बुंदीचे लाडू त्यांनी भर मांडवात तोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, लाडू बेस शेतस. पन एक साठ ग्रॅमना, एक बहात्तरना. एक घरना वाटत नहीत." 'साधारण' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा आहे. "नाना, साधारण कितीला निघालात?" असं मी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, "साधारण नही निंघनू. सात सतराले निंघनू." एकदा भाजीबाजारात त्यांनी एका बाईचं किलोचं वजन नुसतं तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "माय, यानं पोट खाली शे." बाईने मुकाट्याने गोणपाटाखालून दुसरं वजन काढलं. पोकळ वजन हाताला कळतं, त्याला काटा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. असा माणूस व्यापाऱ्याला नातलग म्हणून मिळावा, हे माझ्या कुंडलीत कुठे लिहिलं होतं कोण जाणे.

आता पिस्तुलाचं. रक्तदाब ऐकून, डोकं थंड राहावं म्हणून, मुलीने मला नेमबाजीला घातलं. नशिराबादजवळ कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये आमची रेंज आहे. छर्ऱ्याचं पिस्तूल, दहा मीटरवर पुरीएवढं काळं वर्तुळ, आणि खेळ सगळा एका बोटाचा. चाप इतका हळू दाबायचा की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. मला ते जमेना. मी दाबायचो कसला, हिसकायचो. तिथे चोपड्याचे एक केळीवाले भाऊ येतात, माझ्याच वयाचे, माझ्याच गटातले. ते बाजूच्या टेबलावरून म्हणायचे, "भाऊ, चाप आहे तो, बैलाची वेसण नाही!" त्या दिवसापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. निकालाच्या फळ्यावर एकदा, फक्त एकदा, माझं नाव त्यांच्या नावाच्या वर दिसावं. त्यासाठी पुण्याला जाऊन तीन दिवस हुज्जत घालून परदेशी पिस्तूल आणलं. छर्रे डाव्या कोपऱ्यात जात होते ते आता परदेशी थाटात डाव्या कोपऱ्यात जाऊ लागले.

व्याहीबुवांनी स्वतः जन्मात एक छर्रा उडवलेला नाही. पण स्पर्धेचा नियम असा की चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगून पिस्तूल उचलायचं. चाप सुटला की पिस्तूल नापास. धुळ्याच्या प्रशिक्षकांनी ते अर्ध्या किलोचं वजन तपासायला त्यांच्याकडे नेलं, आणि वजनाबरोबर चापही त्यांच्या डोक्यात शिरला. तेव्हापासून ते ज्याच्या त्याच्या बोटाचा चाप घडवून देतात. पैसे घेत नाहीत, म्हणजे घासाघिशीची तीही वाट बंद. माझं पिस्तूल पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"कारखानाले तुमनं बोट माहीत शे का?"

"नाना, जगभर हाच चाप वापरतात."

"जगभरना लोके तुमनागत रागे भरतस का?"

बोटाचं माप ते कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठात घेतात. जेवण झाल्यावर त्यांनी पिठाचा गोळा पुढे केला, मी बोट रुतवलं. मग दुसरा गोळा मळता मळता ते सहज म्हणाले, "चोपडाना भाऊना चाप गये महिने दिधा. झकास बसना." माझं डोकं भडकलं. "नाना, घरचा माणूस सोडून त्याला? त्याला?" मी टेबलावर हात आपटणार तेवढ्यात त्यांनी माझं बोट धरून दुसऱ्या गोळ्यात खुपसलं. खोल, वाकडा ठसा उमटला. "हाऊ खरा," ते समाधानाने म्हणाले. "शांत बोटले कोन्ताबी चाप चालस, शेठ. माप रागनं लेवानं ऱ्हास." आतून विहीणबाई ओरडल्या, "पीठ भाकरीनं शे, बोटं बुडावानं नही!" आणि शत्रूला चाप का दिला, यावर उत्तर एवढंच, "काटाले दोन पारडा राहतस."

एका मोडक्या काट्याच्या स्प्रिंगपासून त्यांनी माझा चाप केला. रुंद, बोजड, सहाशे पन्नास ग्रॅमला सुटणारा. वर कारखान्याचा वजन कमीजास्त करायचा स्क्रूच काढून टाकला. म्हणाले, तो तुमच्या हाती दिला तर रोज घासाघीस कराल. मी म्हणालो, नियम पाचशेचा आहे, पाचशेच करा. ते म्हणाले, साडेसहाशे. मी पाचशे दहावर आलो. ते साडेसहाशे. पाचशे चाळीसवर मी उठून दारापर्यंत गेलो. प्रत्येक सौद्यात मी असाच दारापर्यंत जातो आणि मागून हाक येते. हाक आली, विहीणबाईंची. "भाऊ, पिशवी ऱ्हायनी तुमनी." शेवटी मी मुलीला मधे घातलं. सुनेचा शब्द त्यांना मोडवेना. तिच्यासाठी त्यांनी दुसरा चाप घडवला, बरोब्बर पाचशेचा. देताना एकच बोलले, "पोतामा घट धरतस ना शेठ? चापमाबी धरतस." घट म्हणजे पुढे होणाऱ्या तुटीसाठी आधीच जास्तीचं धरलेलं वजन. मी ऐकलं नाही. जिंकलेला माणूस ऐकत नाही.

स्पर्धा धुळ्यालाच होती. तपासणीच्या टेबलावर माझ्या चापाला वजन टांगलं, पिस्तूल उचललं आणि टक्. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदाही. पंच म्हणाले, "काका, नापास. वीस मिनिटं आहेत, दुरुस्त करून आणा, नाहीतर नाव काढतो." मागे चोपड्याचे भाऊ उभे होते. त्यांनी बाजूला सरून मला वाट दिली, हेच जास्त लागलं. मी बाहेर येऊन, मुलीचा बाप आहे हे विसरून, चारचौघांत व्याह्यांवर ओरडलो, "तुमच्या चापाने माझं नाक कापलं!" त्यांनी शांतपणे डबी उघडली. वजनांच्या खाली तो पहिला, बोजड चाप होता. महिनाभर खिशात घेऊन फिरत होते. "तो चाप मना नही, तुमना शे. मना हाऊ." तिथेच पायरीवर बसून त्यांनी तो बसवला.

मी अख्खी स्पर्धा रागात खेळलो. पंचांवर राग, भाऊंवर राग, सगळ्यात जास्त व्याह्यांवर. आणि तो चाप तो सगळा राग पोटात घेत राहिला, घेत राहिला आणि मग सावकाश सुटला. एकही छर्रा काळ्याबाहेर गेला नाही. फळ्यावर माझं नाव दुसरं लागलं, भाऊंच्या खाली, दोन गुणांनी. मी आभार मानले नाहीत. "नाना, सहाशेचा केला असता तर जिंकलो असतो," असं म्हणालो. अजूनही माझं तेच मत आहे. ते पोट धरून हसले.

गेल्या दिवाळीला ते जळगावला आले तेव्हा चहाची बशी त्यांच्या हातात वाजत होती. त्यांनी ती खाली ठेवली, डाव्या हाताने उजवा हात धरला आणि आमच्या फाटकाच्या बिजागरीबद्दल बराच वेळ बोलले. जाताना डबी माझ्या हातावर ठेवली. "आते तुम्हीच मोजत जा."

म्हणून दर रविवारी सकाळी मी चापाला वजन टांगतो, वर त्यांची बारकी पितळी वजनं एकेक करून चढवतो. जुन्या काट्याची स्प्रिंग, ती थकत चालली आहे. सहाशे चाळीस झालं, सहाशे पंधरा झालं. मुलगी म्हणते, "बाबा, कारखान्याचा चाप डब्यात तसाच आहे, तो लावा. पुढच्या तपासणीत हा टिकायचा नाही." मी म्हणतो, बघू. जन्मभर समोरच्याला 'कमी करा' म्हणत आलो आणि आता एका स्प्रिंगपुढे हात जोडून बसतो की बाई, एक ग्रॅमही उतरू नकोस.

गेल्या रविवारी चाप पाचशे साठला सुटला. ठरलेल्या वेळी, आठ वाजून चार मिनिटांनी, धुळ्याहून फोन आला.

"कितलं?"

"सहाशे पन्नास, नाना."

त्यांनी तो आकडा, तळहातावर वजन घ्यावं तसा, हळूच पुन्हा म्हटला. मग ते म्हणाले, "बराबर शे."