राजीखुशीने दिलेली गाडी

जोविता मिस्किटाचा तीनचाकी टेम्पो शिळफाट्याच्या अलीकडे बंद पडला तो कायमचाच. मागे दीडशे माणसांचं जेवण होतं. दुसरी गाडी मिळवून, पातेली इकडून तिकडे चढवून ती मानपाड्याच्या कारखान्यात पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी कधीच संपली होती आणि कामगार वडापाव खाऊन पुन्हा यंत्रांवर उभे राहिले होते. कँटीन बघणाऱ्या साहेबांनी आवाज चढवला नाही. "मिसेस मिस्किटा, आणखी एकदा असं झालं तर आम्ही दुसरं कोणीतरी बघू," एवढंच ते म्हणाले आणि फोनकडे वळले. आरडाओरडा केला असता तर बरं, असं तिला वाटलं. ओरडणारा माणूस निदान विसरतो.

त्या कारखान्याच्या जेवणावरच तिचं घर चाललं होतं. कोलशेतला भाड्याची दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीत शेगड्या, आणि मदतीला शेजारची रंगूबाई. नवरा ऑलिव्हर गेल्याला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गाडी ती स्वतः चालवायची, आणि आता तिला एक पिकअप हवी होती. नवी परवडण्याचा प्रश्नच नव्हता. रंगरूप कसंही चाललं असतं. रोज सकाळी चालू झाली पाहिजे आणि वाटेत थांबता कामा नये, एवढीच तिची अट होती.

जुन्या पिकअप तिच्या आवाक्यात दोनच निघाल्या.

पहिली मानपाड्यातच, रस्त्याकडेच्या एका मोकळ्या प्लॉटवर. पांढरीशुभ्र, जेमतेम चार वर्षांची, टायर नवे, सीटवर अजून प्लास्टिक. सुदेश नावाचा दलाल तिथे खुर्ची टाकून बसायचा. त्याने अकराला बोलावलं होतं, जोविता साडेनऊलाच हजर झाली आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम.

"सकाळी सकाळी कुठे फिरवून आणलीत?" तिने विचारलं.

"अरे मावशी, तुमच्यासाठीच धुवायला नेलेली."

"इंजिनसुद्धा धुतलंत?"

सुदेश हसला. "मावशी, गाडी घेताय की सून बघताय?"

"सून परत पाठवता येते, बाबा."

गार इंजिनाला चालू होताना त्रास होत असेल तर दलाल गिऱ्हाईक येण्याआधी ते तापवून ठेवतात, हे तिला ऑलिव्हरने शिकवलं होतं. तिने दार उघडलं, ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा धरला आणि ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही, तिथे वाळलेल्या गाळाची पिवळट रेघ होती. सीटखालच्या बोल्टांना गंज चढला होता. नदीच्या पुरात ही गाडी सीटच्या वरपर्यंत बुडालेली होती. अशी गाडी आज चालते, उद्या चालते, आणि परवा वायरींच्या आतला गंज तिला भर रस्त्यात उभी करतो.

"सुदेश, ही पाण्यात होती."

"पाण्यात तर सगळेच असतात, मावशी. आमच्याकडे दर पावसाळ्यात गुडघाभर असतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बरं, भाव कमी करतो. तुम्ही म्हणाल तेवढा."

तो इतक्या चटकन खाली आला, यातच सगळं आलं. जोविता चहा न घेता निघाली.

दुसरी पिकअप तिच्या थोरल्या दिराच्या, पर्सीच्या अंगणात होती. तिची माहिती काढायची गरजच नव्हती. ती तिचीच होती.

ऑलिव्हर कामाला होता ती कोलशेतची कंपनी बंद झाली तेव्हा हातात आलेले सगळे पैसे घालून त्याने ती कोरी करकरीत घेतली होती. कागद मात्र पर्सीच्या नावावर केले. मिस्किटांच्या घरात तशीच रीत. वीजमीटर असो, जमिनीचा उतारा असो की होडीचा परवाना, नाव थोरल्याचं लागायचं, आणि धाकट्याने तसं बोलून दाखवणंसुद्धा उद्धटपणा समजला जायचा. जोविता तेव्हा म्हणाली होती, "निदान दोघांचं नाव घाला." ऑलिव्हर हसून म्हणाला, "दादा काय गाडी घेऊन पळणार आहे?"

पर्सी पळाला नाही. ऑलिव्हरसाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सानंतर तो घरी आला, कॉफी प्याला आणि म्हणाला, "विमा भरायचाय, चावी दे." तिने दिली. गाडी परत आली नाही. तिने मागितली तेव्हा पर्सी म्हणाला की ऑलिव्हरने आजारपणात ती त्याला देऊन टाकली होती. इस्पितळाचा खर्च त्याने केला होता, हे खरं होतं. पण ऑलिव्हर त्याच खाटेवरून, आईच्या आणि भावाच्या देखत म्हणाला होता, "गाडी जोविताची." सासूबाई, व्हिक्टोरिया, खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. जोविताने त्यांना साक्षीला बोलावलं तेव्हा त्यांनी हातातली जपमाळ फिरवली आणि म्हणाल्या, "मला तेव्हा नीट ऐकू आलं नाही गं." राहायला त्या पर्सीकडे होत्या. कान त्यांचे तेव्हा ठणठणीत होते.

गावात बोलली ती एकटी रंगूबाई. ती मिठागरात राबून म्हातारी झालेली, ना नात्याची ना धर्माची. भर मासळीबाजारात तिने पर्सीला अडवलं होतं. "रांडमुंड बाईची गाडी खाल्लीस, पचंल का रं तुला?" तिचा मुलगा पर्सीच्याच धंद्यात कामाला होता, त्याला पर्सीने दुसऱ्याच दिवशी काढलं. रंगूबाई त्याबद्दल जोविताला एका शब्दाने बोलली नाही. मात्र गाडीची गोष्ट तिने भेटेल त्याला सांगितली, आणि शेवटी ती चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचली.

आता पर्सी धंदा आवरत होता आणि मुलगी फियोना हिचं लग्न ठरलं होतं. गाडी विकायची आहे हे कळल्यावर जोविता एका सकाळी न सांगता त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बॉनेट गार होतं. चावी फिरवताच इंजिन लागलं, धूर पांढरा नाही, काळा नाही. इतकी वर्षं एकाच ड्रायव्हरने चालवलेली, वेळच्या वेळी तेल बदललेली. रंग उडाला होता, फाळक्याला पोचा होता. दुसऱ्या गिअरला किंचित थांबावं लागायचं, तसंच अजून लागत होतं. तिने ती घोडबंदर रस्त्याला नेऊन चढावर घातली, परत आणली आणि किल्ली काढली. अशी गाडी तिला कुठे मिळणार नव्हती.

पर्सी पायरीवर उभा होता. "कशी वाटली?"

"चांगली ठेवलीय ड्रायव्हरने."

"बघ जोविता, तुझ्याकडून मी बाजारभाव घेणार नाही. घरातली गाडी घरात जाईल. तू म्हणशील ते दे."

हे तर सुदेशसारखंच बोलणं, असं तिच्या मनात आलं. "आणि काय पाहिजे, पर्सीदादा?"

पर्सीने इकडेतिकडे पाहिलं. "फियोनाच्या होणाऱ्या सासूने विचारलं. सरळ तोंडावर. म्हणाली, तुम्ही भावजयीची गाडी घेतली असं ऐकलं. पोरीला उद्या त्या घरात हे ऐकत राहायचंय. लग्नाच्या आदल्या दिवशी तू उंबराच्या पाण्याला ये. सगळे असतील. दोन शब्द बोल, ऑलिव्हरने मला दिली होती म्हणून. संपलं."

"आणि नाही बोलले तर?"

"तर काय? घोडबंदरचा एक जण रोख घेऊन बसलाय." मग जरा नरम होऊन म्हणाला, "अगं, ऑलिव्हरला आता काय फरक पडतो?"

ती घरी आली आणि कांदा चिरत बसली. त्या आठवड्यात भाड्याचा टेम्पो दोनदा उशिरा आला. दुसऱ्यांदा तर कारखान्याचा भोंगा आणि तिची पातेली एकाच वेळी फाटकात शिरली. साहेब खिडकीत उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं. जोविताने सुदेशच्या पांढऱ्या गाडीचाही पुन्हा विचार केला. वायरिंग नवं घालून घेतलं तर? गॅरेजवाल्याने मान हलवली. "जोविताबाय, बुडालेली गाडी म्हणजे नशीब. दोन वर्षं चालेल, नाहीतर दोन दिवस."

रंगूबाईला तिने काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रंगूबाईने तिला जाऊ दिलं नसतं, आणि कदाचित जोविताचं स्वतःचंही धैर्य राहिलं नसतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी वाजतगाजत आलं. लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर घागरी, पुढे बँड. मांडवात खुर्च्या भरल्या. रंगूबाईही एका कडेला होती. पाणी आणायला शेजारपाजारच्या बायकांना बोलावणं असतं, आणि गावच्या पोरीच्या पाण्याला न जाणं तिला पटत नव्हतं, मग बाप कसाही असो. जोविताला तिची तिथे अपेक्षा नव्हती.

पर्सीने ग्लास उचलला, व्याह्यांची स्तुती केली, देवाचे आभार मानले आणि म्हणाला, "आज आमचा ऑलिव्हर असायला हवा होता. त्याची मिसेस आलीय. ये जोविता, पोरीला आशीर्वाद दे."

तिने हे वाक्य आठवडाभर मनात कापून कापून लहान केलं होतं. फियोनाला आशीर्वाद दिला. मग म्हणाली, "लोक काही बोलतात. ऑलिव्हरने गाडी दादांना दिली होती."

पर्सी तिच्या बाजूलाच उभा होता. ओठ न हलवता तो पुटपुटला, "राजीखुशीने."

"राजीखुशीने," जोविता म्हणाली.

फियोनाच्या सासूने मान डोलावली. ग्लास वर झाले, बँड सुरू झाला. पहिल्या रांगेतून व्हिक्टोरियाबाईंनी हात पुढे केला आणि सुनेचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "देव तुझं भलं करो. किती वर्षं माझ्या छातीवर दगड होता. आता सुखाने मरेन मी." जोविताने हात सोडवून घेतला नाही. दिराची किंमत ठरलेली होती. सासूने मात्र आपलं पाप फुकटातच तिच्याकडून धुवून घेतलं.

तिने मान वर केली तेव्हा रंगूबाईची खुर्ची रिकामी होती.

गाडी सोमवारी आली. कागदांवर नाव बदलून यायला महिना लागणार होता, आणि तोवर पर्सीची सही हवी होती. त्या महिन्यात जोविता काही बोलू शकत नव्हती. रंगूबाईला खरं सांगावं तर ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोलशेतला सांगणार, आणि पर्सी सही अडवणार. रंगूबाई रोज वेळेवर यायची, भाजी निवडायची, पातेली घासायची. फक्त गप्पा बंद झाल्या होत्या. बाजारात तिला लोक विचारत, "काय गं रंगू, उगाच त्या माणसाला बदनाम केलंस ना?" एका बाईने तर म्हणे सांगितलं, जा, त्याची माफी मागून ये. हे जोविताला दुसऱ्यांकडून कळलं.

गाडीने एकदाही दगा दिला नाही. भर पावसात मुंब्र्याच्या चढावर ट्रक अडकून पडले होते, त्यांच्यामधून वाट काढत ती वेळेआधी दहा मिनिटं मानपाड्याला पोचली. साहेबांनी कंत्राट आणखी वर्षभर वाढवलं.

नाव बदललेलं गाडीचं कार्ड टपालाने आलं त्या सकाळी जोविता रंगूबाईजवळ जमिनीवर बसली. इस्पितळाची खाट, गाडीसाठी घातलेली अट, पर्सीची कुजबूज, सगळं सांगितलं. "तू म्हणत होतीस तेच खरं होतं, रंगूबाई. मी त्या दिवशी खोटं बोलले. दुसरी गाडी बुडालेली होती. मला इलाज नव्हता."

रंगूबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"माझ्या पोराची नोकरी गेली तवा मी तुला इचारलं नाय, खरं का खोटं. तू बोलली, मी मानलं."

"म्हणूनच तर आता सांगते."

"आता सांगते, कारण आता कागद तुझ्या हातात हाय." ती रागावलेली नव्हती. हेच जोविताला सोसवेना. "तवा येक बोलली, मांडवात दुसरं बोलली, आज तिसऱ्यांदा बोलते. मी आता कुनाला जाऊन सांगू, बाय? आनि माझं ऐकंल कोन?"

शेगडीवर डाळ उकळत होती. गाडी भरायची वेळ झाली होती. काहीतरी बोलायचं म्हणून जोविता म्हणाली, "डाळीत मीठ घातलंय मी."

रंगूबाई उठली, शेगडीजवळ गेली, पळीने थेंबभर डाळ हातावर घेतली आणि आज पहिल्यांदाच चाखून बघितली.