समोरून घेतलेलं माप

टेलरबाई नाकावर माशी बसू देत नसत. त्यातून कुणी घरी कापून बिघडवलेलं कापड घेऊन आलं, की मग तर विचारूच नका. त्या दिवशी एका चांगल्या शिकलेल्या मुलीने नेमकं तेच केलं. व्हिडिओ बघून तिने जाकीट बेतलं, एक बाही तोकडी कापली आणि ते तुकडे पिशवीत भरून दुकानात आली.

"आता याचं काय करू मी? पायपुसणं?" टेलरबाई कडाडल्या. "अगं, कापायच्या आधी यायचं असतं! कापल्यावर येऊन काय उपयोग?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मुलगी ओशाळून हसली. ती आर्किटेक्ट होती, लोकांची जुनी घरं नीट करून द्यायची. निघता निघता तिला कोपऱ्यात टाइल्सची खोकी दिसली आणि तिने सहज विचारलं. वडिलांसाठी घरातलं बाथरूम मोठं करतेय, असं टेलरबाईंनी सांगितलं.

"काकू, भिंत पाडायच्या आधी मला एकदा बोलवा. नुसती बघून जाईन."

"एवढ्याशा बाथरूमला आर्किटेक्ट? महाल बांधतोय का आम्ही?"

ज्या तोंडाने आत्ताच मुलीला झापलं, त्याच तोंडाने हे बोलल्या. आपलं बोलणं आपल्याला कुठे ऐकू येतं!

त्यांचे वडील, अण्णा, पक्षाघात झाल्यापासून शुश्रूषा केंद्रात होते. डावी बाजू गेली होती. उजव्या हाताने दांडा धरून चाकाच्या खुर्चीतून पलंगावर जायला ते हट्टाने शिकले होते. घरी यायला तयार होते, पण एका अटीवर.

"संडासला मी एकटा जाणार. तुझी दुपटी मी धुतलीत पोरी, पण माझं तू करायचं नाहीस. ते जमणार नसेल तर मी इथेच बरा."

टेलरबाई घरी येऊन खूप रडल्या आणि मग कामाला लागल्या. त्यांची पद्धत एकच. खाकी कागद अंथरायचा आणि कापत सुटायचं. कमोड, बेसिन, चाकाची खुर्ची, सगळ्यांचे खऱ्या मापाचे कागद कापून त्यांनी हॉलच्या फरशीवर मांडले. पंखा लावला की बेसिन उडून सोफ्याखाली जायचं. नवरा चहाचा कप घेऊन निघाला की आतून आरोळी यायची, "अहो, कमोडवर पाय देऊ नका!" बिचारा भिंतीला धरून चालायला लागला.

कागदावर सगळं छान बसलं. मग भिंत फुटली आणि तिच्या पोटात पाण्याचा जाडजूड पाइप निघाला, नेमका बेसिनच्या जागी. गवंडी म्हणाला प्लंबरला विचारा, प्लंबर म्हणाला गवंड्याने आधी सांगायला हवं होतं, आणि दोघेही दुसऱ्या कामावर निघून गेले. घरात धूळ, डब्यांत धूळ, आणि कपाटात गुंडाळून ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावरसुद्धा लाल धूळ. टेलरबाईंचा जीव मेटाकुटीला आला.

"त्या मुलीला फोन कर ना," नवरा म्हणाला.

"तिला? चारचौघांत जिला मी झापलं तिला? त्यापेक्षा मी स्वतः विटा रचीन."

मग कागद पुन्हा कापले, बेसिन दुसऱ्या बाजूला गेलं. दार रुंद केलं, सरकतं बसवलं, उंबरा काढून टाकला. यात त्यांनी खरोखर काही सोडलं नाही. शेवटी गवंड्याने विचारलं, "ताई, धरायचा दांडा कुठल्या बाजूला?"

टेलरबाई दारात उभ्या राहिल्या. समोर कमोड. त्यावर बसलेले अण्णा त्यांनी डोळ्यांसमोर आणले, गिऱ्हाइकाला समोर उभं करून माप घ्यावं तसे. आयुष्यभर त्यांनी माणूस समोरूनच बघितला होता. "उजवीकडे," त्या म्हणाल्या आणि आपला उजवा हात पुढे केला. दांडा बसला.

रविवारी केंद्राने अण्णांना दिवसभर घरी सोडलं. लेकीने शिवलेला शर्ट घालून, दाढी करून ते आले. जेवण झालं आणि ते खुर्ची ढकलत एकटेच आत गेले. दारही त्यांनी स्वतः सरकवलं. टेलरबाईंनी नवऱ्याकडे बघून मान उंचावली.

आतून खुर्ची बेसिनवर आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला.

"पोरी," अण्णांनी हाक मारली. "आत ये."

ते उजव्या हाताने बेसिनला लोंबकळत होते, अर्धे खुर्चीत, अर्धे बाहेर. दांडा त्यांच्या डावीकडच्या भिंतीवर लखलखत होता, मेलेल्या हाताच्या बाजूला. जे करायचं नाही असं ठरलं होतं, ते सगळं टेलरबाईंनी केलं. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "गाडी लवकर बोलाव."

टेलरबाई आधी गवंड्यावर चिडल्या, मग नवऱ्यावर, मग त्या मेल्या पाइपवर. कुणावर चिडायचं उरलं नाही तेव्हा त्यांनी फोन उचलला.

"कापल्यावर फोन करतेय," त्या म्हणाल्या आणि अण्णांचं सकाळपासूनचं सगळं सांगून टाकलं. "बोल, काय बोलायचं ते."

"अण्णा अजून घरीच आहेत ना? त्यांना जाऊ देऊ नका. आलेच मी."

मुलगी आली ती बाथरूमकडे गेलीच नाही. अण्णांजवळ बसली. कुठला हात किती वर जातो, बसताना भीती कुठे वाटते, असलं विचारत राहिली. ती टोमणा मारेल म्हणून टेलरबाई तयारीत उभ्या होत्या. तिने मारला नाही, त्याने त्यांना आणखीच चीड आली. महिनाभर आपण खुर्ची मोजली, कमोड मोजला, भिंत मोजली. अण्णांना मात्र एक शब्द विचारला नाही.

मग मुलीने अण्णांची खुर्ची आत नेली आणि कमोडकडे पाठ करून उभी केली.

"काकू, समोर नका उभ्या राहू. त्यांच्या मागे या."

टेलरबाई कशाबशा भिंत आणि खुर्चीच्या मधे शिरल्या, वाकल्या आणि अण्णांच्या खांद्यावरून बघायला लागल्या. आता त्यांचा उजवा हात होता तिकडेच अण्णांचा उजवा हात होता. आणि तिथे बेसिन होतं.

"अण्णा, तुम्हाला दांडा कुठे हवा?" मुलीने विचारलं.

अण्णांचा हात वर गेला, बेसिनच्या वर हवेत थांबला, थोडा खाली आला.

"इथे."

टेलरबाईंनी खिशातला खडू काढला आणि कोऱ्या करकरीत टाइलवर रेघ ओढली. तिथूनच त्यांनी गवंड्याला फोन लावला.

"नव्या टाइल्स फोडायच्या? बेसिन काढायचं?" तो ओरडला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नव्हतं," टेलरबाई म्हणाल्या. "उद्या ये."

गाडी आली. अण्णा परत निघाले. केंद्रातच राहतो असं पुन्हा म्हणाले नाहीत आणि येतो असंही म्हणाले नाहीत. नवऱ्याने खुर्ची दाराबाहेर काढली तेव्हा त्यांनी उजव्या हाताने चाक धरून ठेवलं आणि मान वळवली.

"पोरी, ती खडूची रेघ कुणाला पुसू देऊ नकोस."