ड्राइव्हमधलं कुंकू

बायको जाऊन वर्ष झालं आणि तिची आई आपल्या गावी परत जायला निघाली. लेकीच्या आजारपणात तिच्याजवळ राहायला म्हणून आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे कोल्हापुरात आल्या होत्या. ती गेल्यावरही वर्षभर थांबल्या. पण लेक नसलेल्या जावयाच्या घरी किती राहायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. रविवारी सकाळी माझा मेहुणा त्यांना न्यायला येणार होता. गाव निपाणीच्या पुढे कर्नाटकात, आत्तींचं वय पंच्याऐंशी. पुन्हा येणं होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि मलाही.

शनिवारी चहा पिताना त्या म्हणाल्या, "पावणं, जायच्या आदी एकदा तिचा आवाज ऐकवा की. नातीच्या लग्नाच्या सीडीत बोलतीया ती माझ्यासंगं."

मागणी रास्त होती. फोनमध्ये बायकोचे फोटो भरपूर आहेत, पण व्हिडिओ घ्यायला लागलं की ती बोलणं थांबवून हाताने "पुरे" अशी खूण करायची. तिचा आवाज असलाच तर त्या लग्नाच्या डीव्हीडीत. आमच्या मुलीकडची प्रत घर बदलताना हरवली आणि शूटिंगवाल्याने दुकान कधीच बंद केलं. आमची डबी कपाटात होती. उघडली तर रिकामी. म्हणजे डिस्क जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये राहिली होती.

कॉम्प्युटर सुरू झाला. ड्राइव्हचा दिवा लागला, आतून तीनदा खडखड झाली आणि सगळं गप्प. ट्रेही बाहेर येईना. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. आधी वीज देणारी पिन बदलली. खडखड तीच. मग डेटाची केबल बदलली. तरी तीच. रिपेअरवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "काका, ड्राइव्ह आता कोण ठेवतंय? मागवून देतो, पण चार दिवस लागतील बघा." चार दिवस नव्हते. मी यू-पिन सरळ करून ड्राइव्हच्या तोंडाजवळच्या बारीक भोकात घातली. ट्रे बोटभर बाहेर आला, उरलेला हाताने ओढला. डिस्क निघाली. पुसून उजेडात धरली तर एक ओरखडा नाही. दोष ड्राइव्हचाच होता.

चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि हात थांबला. आत सगळं लाल होतं.

दर खंडेनवमीला बायको घरातल्या यंत्रांची पूजा करायची. मिक्सर, शिलाई मशीन, माझी मोटारसायकल आणि शेवटी कॉम्प्युटर. बटण दाबून ती ट्रे बाहेर काढायची आणि त्यावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी ठेवायची. मी दरवर्षी म्हणायचो, "अगं, बाहेरून लाव, आत घालू नको." ती म्हणायची, "अहो, एवढ्या सगळ्यांत यालाच तेवढं तोंड आहे. त्याने उपाशी राहायचं?" पूजा झाली की ट्रे पुसून घ्यायची. पण पुसून किती निघणार? उरलेलं आत सांडत राहिलं. ज्या दांडीवरून लेन्स पुढे-मागे सरकते, तिच्या ग्रीसमध्ये कुंकू कालवून घट्ट लेप झाला होता. लेन्सवरही लाल थर होता. कोपऱ्यात तांदळाचे दोन दाणे.

इंजेक्शनच्या डब्यात तिच्या आजारपणातलं स्पिरिट शिल्लक होतं. कापसाचा बोळा भिजवला, तोवर आत्ती मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"पुसू नगासा," त्या म्हणाल्या. "सवाशिणीच्या हातचं कुक्कू हाय ते. तिच्या हातचं आता दुसरं काय ऱ्हायलंय घरात?"

मी त्यांच्याकडे वळलो. मोठ्याने, त्यांच्या तोंडासमोर बोलावं लागतं, कारण त्यांना एका कानाने जेमतेम ऐकू येतं आणि बाकीचं त्या समोरच्याच्या ओठांवरून ओळखतात. मी लेन्सवर बोट दाखवून म्हणालो, "आत्ती, हा याचा डोळा. डोळ्यात कुंकू गेलंय. याला दिसत नाही, म्हणून तिचा आवाज निघत नाही."

त्यांनी वाकून लेन्स बघितली. मग म्हणाल्या, "डोळ्यातलं काडा. आनि वाटंतलं. बाकीचं ऱ्हाऊंदे."

तेवढंच काढलं. लेन्स दोनदा पुसली, दांडी घासून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. झाकण लावलं, डिस्क घातली. एकदा खडखड झाली, मग सरळ घरघर सुरू झाली आणि पडद्यावर हातकणंगल्याचं मंगल कार्यालय आलं. आत्तींना खुर्ची दिली आणि स्पीकर त्यांच्या चांगल्या कानाजवळ ठेवून आवाज पूर्ण वाढवला.

पंगत बसली होती. हिरव्या साडीतली बायको वाढत वाढत आत्तींजवळ आली, वाकली, बोलू लागली. आणि स्पीकरमधून सनई वाजत होती. पुढे सरकवलं. तिथे सिनेमातलं गाणं. आणखी पुढे, पुन्हा सनई. शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसांचे आवाज काढून वर गाणी चढवली होती. आम्ही दोघांनीही ती डिस्क पूर्वी पाहिली होती, आणि आम्हा दोघांनाही तिचा आवाज ऐकल्याचं पक्कं आठवत होतं.

मी खरं ते सांगून टाकलं. "आत्ती, आवाज नाही यात. नुसती गाणी आहेत."

"गाणी मला कुटं ऐकू येत्यात?" त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मागं घ्या जरा. हां. 'अव्वा, बसून जेव, गोळी घ्यायची हाय' म्हंती. कन्नडात बोलतीया. आता तिकडच्या बाईला म्हंती, आमटी गार झाली, दुसरी आना." त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

पडद्यावर बायको मग वळली. समोर फेटा बांधलेला मी उभा होतो. ती मला काहीतरी म्हणाली, चांगली दोन-तीन वाक्यं. कॅमेऱ्याकडे तिची पाठ होती, अंबाडा आणि गजरा दिसत होता.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय सांगू? तोंड तुमच्याकडं हाय तिचं." आत्तींनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली वो?"

मी ते पुन्हा मागे घेऊन लावलं. पडद्यावरचा मी तिचं ऐकतो, हसतो आणि दोनदा होकाराची मान हलवतो.

"आठवत नाही," मी म्हणालो.