टोपीतली पाच वाक्यं

लीड्समध्ये विल्फ्रेड ऑर्म्सबी बसमध्ये चढले की एखादी तरी बाई विचारायचीच, गॅसचं मीटर बघायला आमच्याकडे तुम्हीच आला होतात ना? तीस वर्षं टीव्हीवर हवालदार, खानसामे आणि हिरॉइनचे बाप करून त्यांनी एवढीच कमाई केली. चेहरा घरोघरी माहीत, नाव मेलं कुणालाच नाही.

मी विनी, स्टुडिओतल्या कपडेपटाची बाई. माझ्या नवऱ्याची लावली नसतील इतकी बटणं मी विल्फ्रेडच्या हवालदाराच्या कोटाला लावली.

सत्तरी उलटली आणि त्यांना वाक्यं आठवेनात. कामं एकेक करून सुटली. मग एका मालिकेत पुन्हा हवालदार मिळाला. दार वाजवायचं आणि एका आईला तिचा मुलगा गेल्याचं सांगायचं. पाच वाक्यं होती.

"विनी, ही पाच निभावली तर पुढे बोलावतील," ते म्हणाले. "नाहीतर आहेच घरी भिंतींशी बोलणं."

वाईट बातमी द्यायची तर हवालदार टोपी काढून हातात धरतोच. म्हणून मी टोपीच्या आतल्या पट्टीवर पाचही वाक्यं लिहून दिली. खाली बघितलं की काम झालं.

तरी तालमीत ते दोनदा अडखळले. मला राहवेना. मी दिग्दर्शक थ्वेटसाहेबांकडे गेले नि म्हटलं, सांभाळून घ्या, त्यांना हल्ली आठवत नाही. कुणी सांगितला होता मला नसता शहाणपणा?

चित्रीकरणाच्या दिवशी थ्वेट म्हणाले, वाक्यं नकोतच, नुसते उभे राहा, आई काय ते समजेल. विल्फ्रेड टोपी धरून उभे राहिले. कॅमेरावाल्यांनीसुद्धा डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

विल्फ्रेड कपडे परत करायला आले.

"थ्वेटना कुणी सांगितलं गं?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं आणि कोट झटकत राहिले.

त्यांनी टोपी माझ्या टेबलावर पालथी ठेवली आणि माझ्याकडे बघत बोलायला लागले.

"बाई, मी आत येऊ का? तुम्ही आधी बसा. तुमच्या रॉनीच्या मोटरसायकलला अपघात झाला. तो गेला, बाई. तुम्ही म्हणाल तोवर मी इथं थांबतो."

एक शब्द चुकला नाही.

त्यानंतर त्यांना तीन कामं मिळाली. तिन्ही प्रेताची.