पार्टिशनपलीकडची तालीम

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणाला वाईट वाटायला नको. आमच्या शाळेच्या सायन्स लॅबमध्ये मी मदतनीस. बाटल्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे आणि ॲसिडजवळ माकडचेष्टा करणाऱ्या पोरांवर ओरडायचं. मला पगार ओरडण्याचाच मिळतो, असं पोरं म्हणतात. लॅबच्या मागं माझी सामानाची खोली. तिच्यात प्लायवूडचं पार्टिशन टाकून जी अर्धी खोली उरली, ती शाळेनं तालीमबाईंना दिली होती.

तालीमबाई म्हणजे शाळेच्या समुपदेशक. शेवटच्या वर्गांतल्या पोरांना कुठल्या कॉलेजात जाता येईल, कुठली प्रवेश परीक्षा द्यायची, वसतिगृह कसं मिळतं, घरी अभ्यासाला जागा नसेल तर शाळेतली कुठली खोली उघडून मिळेल, हे सांगायचं त्यांचं काम. पण नुसतं सांगून त्या थांबत नसत. त्यांचं म्हणणं असं, की मदत कुठं मिळते ते पोरांना कळतं, पण ती मागता येत नाही. दारापर्यंत जातात आणि तशीच परत येतात. म्हणून त्या मागण्याची तालीम घ्यायच्या.

पोराला दाराबाहेर उभं करायचं. त्यानं टकटक करायची, आत यायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं आणि ‘मला मदत हवी आहे’ असं म्हणून काय हवं ते सांगायचं. पुटपुटला, पुन्हा बाहेर. खाली बघितलं, पुन्हा बाहेर. ‘माफ करा हं, त्रास देतोय’ असं म्हणाला, की मग काही खरं नाही, तो दिवस दारातच गेला त्याचा. इकडे मला सगळं ऐकू यायचं. दिवसभर टकटक ऐकून डोकं उठायचं माझं. एकदा तर मी पार्टिशनवर थाप मारून ओरडले, “अहो बाई, देऊन टाका ना त्याला काय हवं ते!” पलीकडे पोरगं खो खो हसलं. बाईसुद्धा हसल्या, पण दबकत.

पोरं गेली की मात्र पलीकडे चिडीचूप. जेवायच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा, तेवढाच. शिक्षकांच्या खोलीत बाई बसत नसत. तिथं ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. बाई नव्या आल्या तेव्हा त्यांना कुणी खुर्ची दाखवली नाही आणि यांनी मागितली नाही. झालं, ते तसंच राहिलं. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती गेली. भाऊ परदेशात, त्याचा फोन वाढदिवसाला. रविवारीसुद्धा बाई शाळेत यायच्या. मी सामान मोजायला म्हणून कधी रविवारी आले, की या आहेतच. विचारलं तर म्हणायच्या, “कॉलेजांची माहितीपत्रकं लावायची राहिलीत गं.” डोंबलाची माहितीपत्रकं! ती शनिवारीच लावलेली मी या डोळ्यांनी बघितली होती.

जी पोरं कॉलेजात गेली ती मागं वळून बघायची नाहीत. मला चीड यायची. “एक फोन करत नाहीत मेली,” मी म्हणायचे. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. “अगं, आली नाहीत म्हणजे रमली. अडलं असतं तर आली असती.” असं म्हणून त्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत बसायच्या. त्या झाडाला इतकं पाणी मिळायचं की ते कुजून मरेल, अशी मला धास्ती.

त्या वर्षी गोगलगाय आली.

हे नाव तिला वर्गानं ठेवलेलं. पोरगी बोलायला लाजाळू आणि वाचायला अतिशय हळू. ओळीवर बोट ठेवून निघायची, मध्येच हरवायची, पुन्हा पहिल्यापासून. पण हात कसले स्थिर! एकदा पंख मोडलेलं कबूतर घेऊन ती लॅबमध्ये आली आणि माझ्याच रिकाम्या खोक्यात त्याला बसवून पंख बांधून टाकला. मी ओरडले, “ही लॅब आहे, दवाखाना नाही!” पण खोकं काही काढून घेतलं नाही. काही दिवसांनी कबूतर उडून गेलं, जाताना माझ्या टेबलावर आशीर्वाद देऊन गेलं.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षा लेखी, आणि दिलेल्या वेळात तिचा अर्धा पेपरसुद्धा वाचून होत नसे. अशा मुलांना जादा वेळ मिळतो, हे बाईंनी तिला सांगितलं. तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, दाखला आणला. तिचे वडील लाँड्री चालवायचे. ते एक दिवस हात पुसत पुसत आले आणि दारातूनच म्हणाले, “बाई, पोरगी मठ्ठ आहे असा शिक्का नका मारू. जन्मभर पुसला जायचा नाही तो.”

“शिक्का नाही हो,” बाई म्हणाल्या. “थोडा वेळ मागतोय आपण, बाकी काही नाही.”

ते मान हलवत गेले. पटलं नव्हतं, पण नको असंही म्हणाले नाहीत. आता एकच पायरी राहिली होती. परीक्षा मंडळाच्या समितीसमोर मुलीनं स्वतः जाऊन आपली अडचण सांगायची. समितीनं हो म्हटलं तर कॉलेज, नाही म्हटलं तर वडिलांच्या लाँड्रीत उभं राहायचं. इतकं सरळ होतं ते.

मग काय, तालीम सुरू. टकटक, आत, खुर्ची, “मला मदत हवी आहे.” पहिल्या दिवशी तिचा आवाज पार्टिशनपर्यंतसुद्धा येईना. बाईंनी सोडलं नाही. रोज शाळा सुटली की ही दारात हजर. हळूहळू आवाज यायला लागला, मग खणखणीत यायला लागला. शेवटी शेवटी तर ते सगळं भाषण मला पाठ झालं आणि मी बाटल्या धुताना ते म्हणायला लागले.

बाई तिला घेऊन समितीकडे गेल्या आणि आनंदात परत आल्या. “एकदाही अडखळली नाही!” मला सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मीसुद्धा त्या दिवशी कुणावर ओरडले नाही.

आठवड्यानं उत्तर आलं. विद्यार्थिनी आत्मविश्वासानं आणि अस्खलित बोलते, जादा वेळेची गरज दिसून येत नाही.

कपाळ माझं! आम्हीच तिला इतकं घासून लख्ख केलं, की तिचं दुखणंच कुणाला दिसेना. मी समितीच्या सात पिढ्या उद्धरल्या. संध्याकाळी मी डोकावले तर बाई आपली खुर्ची सोडून पोरांच्या खुर्चीत बसल्या होत्या. “माझ्यामुळे गेलं गं तिचं,” त्या म्हणाल्या. “मी तिला बोलायला शिकवलं. ती काय सोसते ते मी तिला बोलूच दिलं नाही.”

बाईंनी फेरविचार मागितला. समितीनं आणखी एकदा बोलावलं, आणि हे शेवटचं, असंही कळवलं. शाळा सुटल्यावर गोगलगाय नेहमीसारखी दारात आली, टकटक केली. बाई म्हणाल्या, “आज तालीम नाही. परवा समितीपुढं जाईपर्यंत तालीम नाही.”

पोरीनं हातपाय गाळले. “मग मी काय बोलू, बाई?”

“पाठ केलेलं नको. तुला काय होतं ते सांग.”

“आणि रडू आलं तर?”

“आलं तर आलं. आणि मी तुझ्याबरोबर येणार नाही. मी असले की तू माझ्याकडे बघून बोलतेस.”

वडिलांना लाँड्री सोडता येईना, म्हणून सोबतीला मी गेले. मला आत बसू दिलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. ती अट म्हणजे माझ्यासाठी जेलच. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “बोल, काय म्हणायचंय?” मग तिनं टेबलावरची कुठलीशी छापील सूचना स्वतःच पुढं ओढली, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. एक ओळ. अडखळली, हरवली, मागं आली. पुन्हा हरवली. कान लाल झाले तिचे. कुणी तिला थांबवलं नाही आणि तीही थांबली नाही. ओळ संपली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते,” ती म्हणाली. “मी मठ्ठ नाही. मला येतं सगळं. मला फक्त वेळ द्या.”

मिळाला. परीक्षाही पास झाली आणि लांबच्या कॉलेजात प्रवेशही झाला. वडिलांनी शाळेचे सगळे पडदे फुकट धुऊन दिले. निघायच्या दिवशी गोगलगाय धावत लॅबमध्ये आली. पलीकडे एका नव्या पोराची तालीम चालली होती, आणि तिची गाडी सुटायला आली होती. “बाईंना सांगा हं,” एवढं म्हणाली आणि गेली. मी सांगितलं. “हो का, छान झालं,” बाई म्हणाल्या आणि कुंडीला पाणी घालायला लागल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी बाई निवृत्त होणार होत्या. जायला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी, शाळा सुटून सगळी पोरं गेल्यावर, पलीकडून टकटक ऐकू आली. म्हटलं, हे कोण आता? खुर्ची करकरली. आणि बाईंचाच आवाज आला.

“रविवारी तुला वेळ असेल का?”

मग काहीच नाही. पावलं दाराकडे गेली. पुन्हा टकटक.

“सहजच विचारत होते हं, तुला काही काम नसलं तर माझ्याकडे...”

पुन्हा पावलं, पुन्हा टकटक. “माफ कर, त्रास देतेय तुला...” आणि लगेच स्वतःलाच, हळू आवाजात, “नाही, नाही. बाहेर.”

माझ्या हातातली बाटली हातातच राहिली. बाई एकट्याच त्या खोलीत स्वतःला बाहेर पाठवत होत्या आणि स्वतःच आत येत होत्या. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

थोड्या वेळानं माझ्या दारावर टकटक झाली. बाई उभ्या होत्या. केस सारखे केलेले, नजर खाली.

“तुझ्याकडे टाचण्या असतील का गं?”

“टाचण्या?” मी म्हणाले. “अहो बाई, ते पार्टिशन प्लायवूडचं आहे!”

त्यांचा चेहरा गोरामोरा झाला. जायला वळल्या. मी हात धरला, ओल्या हातानंच.

“पाठ केलेलं नको,” मी म्हणाले. “काय होतं ते सांगा.”

त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

“घरी कुणी नसतं गं,” त्या म्हणाल्या. “आता इथंही यायचं नाही. मला जायला ठिकाणच नाही.”

मी स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं.

“बसा,” मी म्हणाले. “आणि खाली बघू नका.”