आत्तीचा एकच शिक्का

गारगोटीच्या पहाटेच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकते. डोळा लागलाय की नाही हे मलाच कळत नाही, तेवढ्यात शेजारच्या सीटवर कुणीतरी येऊन बसतं. लुगड्याची सळसळ होते. मिश्रीचा वास येतो.

"सरक की जरा. एवढी जागा घिऊन काय करतीस?"

हौसाआत्ती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला जाऊन दोन उन्हाळे झाले. मला ते पक्कं ठाऊक आहे, तिलाही असणार, पण आम्ही दोघीही तो विषय काढत नाही. मी सरकते.

"आत्ती, तू कुठं निघालीस?"

"मतदानाला आलो बघ." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आलो, गेलो. "बापूनं गाडी धाडली न्हाई व्हय तुला?"

धाडली होती. बापूकाका, म्हणजे माझे चुलते, यंदा सरपंचपदाला उभे आहेत. कोल्हापुरात शिकणारी गावची पोरं गोळा करायला त्यांची जीप काल हॉस्टेलच्या दारात आली होती. मी ती तशीच परत पाठवली. जीपमधून गेलं की उतरल्या उतरल्या समोर ताट येतं, ताटात बेलाचं पान आणि भंडारा. त्यावर हात ठेवून देवाच्या नावानं सांगायचं, मत तुम्हालाच. भंडारा उचलला की विषय संपला. मग देवाला खोटं पाडायची कुणाची छाती होत नाही.

एसटीनं गेलं तरी ताट फाट्यावर येणारच. पण माझं हे पहिलं मत आहे आणि ते मला माझ्या डोक्यानं द्यायचं आहे. काकांना तोंडावर नाही म्हणायची धमक माझ्यात आहे का, ते मात्र मला खरंच माहीत नाही.

ताटाचं मी आत्तीला काय सांगणार! तिला गावातच दिलेली. खालच्या गल्लीत माहेर, वरच्या गल्लीत सासर, आणि दर निवडणुकीत दोन्ही घरं एकमेकांसमोर. सकाळी भाऊ भंडारा उचलायला लावायचा, दुपारी दीर. आत्तीनं एकदा दोन्हीकडचा उचलला आणि आत जाऊन दोन्ही चिन्हांवर शिक्के मारले. शब्द कुणाचाच मोडला नाही. मत तेवढं बाद झालं. पुढं यंत्रं आली, दोघांना मत देता येईना, तेव्हा आत्ती मतदानाच्या दिवशी आजारी पडायला लागली. सगळा गाव तिच्या पोटदुखीला हसायचा. खरं कारण तिनं फक्त मला सांगितलं होतं. मीही हसले होते, आणि मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

कंडक्टर तिकिटं फाडत येतो. जवळ आल्यावर बघते तर ते आमचे भूगोलाचे पाटोळे सर आहेत, आणि आम्ही सीटवर नाही, कॉलेजच्या हॉलमधल्या बाकावर बसलोय. समोर टेबल, मागं मतदार नोंदणीचा फलक. इथंच मी अठरा पूर्ण झाल्या झाल्या नाव नोंदवलं. काका म्हणाले होते, आधारची झेरॉक्स पाठव, आपली माणसं सगळं भरतील. मी नाही पाठवली. स्वतः भरलं, स्वतः सही केली आणि त्या आनंदात दोन वडापाव खाल्ले. पत्ता हॉस्टेलचा घालू की गावचा, यावर तेवढी स्वतःशीच घासाघीस झाली. शेवटी गावचा घातला. शहरात माझ्या मताला कोण विचारतंय? गावात निदान त्याला भितात तरी.

"पुढं या," पाटोळे सर म्हणतात. आत्ती पदर सावरून टेबलाशी जाते.

"वय?"

"मरायच्या आधीचं सांगू का आत्ताचं?"

सर मान वर न करता म्हणतात, "आत्ताचं."

"मग अठराच लिवा."

सर अठरा लिहितात. "नवऱ्याचं नाव?"

आत्तीनं आयुष्यात कधी नवऱ्याचं, म्हणजे आमच्या मामांचं, नाव उच्चारलेलं नाही. उखाण्यातसुद्धा ती ऐन वेळी लाजून पळायची. मी मदतीला तोंड उघडते, तर ती मला हातानं थांबवते.

"मत माझं हाय न्हवं? मग त्यास्नी मधी कशाला आनताय?"

सर पेनाचं टोपण चावत विचार करतात. "बरोबर आहे," म्हणतात आणि रकाना मोकळा सोडतात. माझा ऊर इतका भरून येतो की मी भर हॉलमध्ये टाळ्या वाजवते.

टाळ्या थांबतात तेव्हा आम्ही गावच्या शाळेत, तिसरीच्या वर्गासमोर उभ्या आहोत. आत पुठ्ठ्याचा आडोसा दिसतोय, फळ्यावर कालचा पाढा तसाच आहे. पण दारात वाट अडवून दोघंजण उभे आहेत. एकीकडं बापूकाका, दुसरीकडं आत्तीचे दीर. दोघांच्या हातात ताट.

"आक्का, हात ठेव," काका म्हणतात.

"वहिनी, ठेवा हात," दीर म्हणतात.

आत्ती एकदा या ताटाकडं बघते, एकदा त्या. तिचा हात वर येतो. आता पुन्हा तेच होणार म्हणून मी तिचा पदर ओढते.

"आत्ती, नको गं."

ती भंडाऱ्यात बोटं बुडवते आणि आपल्या कपाळावर मळवट भरते. मग माझ्या कपाळावर. मग भावाच्या, मग दिराच्या, पार नाकापर्यंत. दोघंही हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे होऊन बघत राहतात.

"देवाचा भंडारा हाय," ती म्हणते. "कपाळाला लावत्यात त्यो. मतासाठी उचलाय दिलाय व्हय देवानं? व्हा बाजूला!"

आणि ते बाजूला होतात. एवढंच करायचं होतं, आणि ते इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं.

आत्ती आडोशाआड जाते. खाली तिची पावलं तेवढी दिसतात, भेगाळलेल्या टाचा आणि चांदीची जोडवी. बराच वेळ काहीच होत नाही. मग शिक्का आपटल्याचा आवाज येतो. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघते. तो येत नाही. आत्ती कागदावर फुंकर घालते, घडी घालते, पेटीत सोडते.

"एकच मारला गं तृप्ते!" ती ओरडत बाहेर येते. "एकच!"

कुठूनतरी हलगी सुरू होते. आत्ती माझं मनगट गच्च धरते आणि मला घेऊन गरागरा फिरते, शाळेच्या पटांगणात, भर उन्हात. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या माझ्या मनगटात रुततात. दुखतंय, पण सोड म्हणावंसं वाटत नाही. तिला मी इतकी खूश कधीच बघितली नव्हती.

"कुणाला दिलंस?"

"सांगत्यात व्हय असलं कुणाला?" ती हसते. तिचा श्वास फुललाय. "चल जा आता. तुझं ऱ्हायलंय."

"अगं ए मुली, फाटा आला!"

कंडक्टर खरोखरचा आहे. बस थांबली आहे, खिडकीतून ऊन आत आलंय. मी बॅग उचलायला हात पुढं करते आणि थबकते. मनगटाभोवती वळ उठलेत, बारीक, गोल, एकाला एक लागून, लालभडक. मी बांगड्या घालत नाही. खिडकीचा गज रुतला म्हणावं तर तो एकच आहे, आणि सरळ आहे.

फाट्यावर बापूकाका उभे आहेत. त्यांनी ताटावरचा रुमाल काढलाय.

"ये बाळ. हात ठेव, मग सोडतो तुला शाळेपाशी."

मी चिमूटभर भंडारा घेते आणि कपाळाला लावते. मग वाकून काकांच्या पाया पडते.

"आणि शपथ?"

"ती नाही घेत, काका. मत देऊन येते." माझा आवाज कापत नाही, याचं मलाच नवल वाटतं. काका ताट धरून तसेच उभे राहतात. त्यांच्या तोंडावर राग आहे की आणखी काही, हे बघायला मी थांबत नाही.

तिसरीच्या वर्गात बोटाला शाई लागते. आडोशाआड मी एकटीच आहे. बटण दाबते, लांबलचक बझर वाजतो, आणि मला मोठ्यानं हसू येतं. टेबलामागच्या बाई चष्म्यावरून बघतात.

"काय झालं गं?"

"काही नाही, मॅडम. झालं देऊन."

बाहेर येऊन मी उन्हात हात समोर धरते. शाई अजून ओली आहे. मनगटावरचे वळ हळूहळू फिके पडायला लागलेत, आणि ते पुरते जाईपर्यंत मी शाळेच्या पायरीवर बसून राहते.