माझ्या हातची भाकर

काकूंनी ट्रे माझ्यासमोर धरला आणि धरता धरता जरासा फिरवला. तेवढंच. सगळ्या कपबश्या पलीकडं गेल्या आणि कोपऱ्यातला कागदी कप माझ्यापुढं आला.

ओट्यावर आम्ही आठ-दहा जण बसलो होतो. ऋतुजाच्या चुलत्या, शेजारच्या मळ्यातल्या बायका, कॉलेजातले आमचे खेळाचे सर. सगळ्यांच्या हातात निळ्या फुलांची कपबशी. माझ्या हातात कागदी कप, लग्नात वाटतात तसला. काकू हसून म्हणाल्या, कप कमी पडले गं. आत फडताळात त्याच निळ्या फुलांचे कप उपडे घातलेले मला बसल्या जागेवरून दिसत होते.

मी ऋतुजाकडं बघितलं. ऋतुजा म्हणजे काकूंची पोरगी आणि माझी मैत्रीण. कॉलेजात पहिल्या वर्षापासून आम्ही एका बाकावर. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघी जर्मनीहून परत आलो होतो, आणि त्याच कौतुकाचा हा चहा होता. तिनं माझा कप बघितला. तिनं बघितला हे मी बघितलं. मग तिनं मोबाईल काढला आणि त्यात काहीतरी शोधायला लागली.

असले कप मी लहानपणापासून ओळखते. तिचं ते खाली बघणं मात्र मला नवीन होतं.

सरळच सांगते. आम्ही ख्रिस्ती. माझ्या पणज्यानं मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. रविवारी आम्ही देवळात जातो, म्हणजे चर्चमध्ये. नाताळला करंज्या करतो. पण गावाच्या लेखी पणज्याच्या आधी आम्ही जे होतो तेच अजून आहोत. कुनाची गं तू, असं विचारतात आणि आडनाव कळलं की समोरच्याचं तोंड जरा बदलतं. जरासंच. ते जरासं ओळखायला आमच्यातली पोरं फार लवकर शिकतात.

माझी आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. थोडेच दिवस. मग पोरं घरून डबे आणायला लागली आणि पातेल्यात खिचडी उरायला लागली. कुणीतरी आईला गोडीत समजावलं, की तुझी कंबर दुखत असंल, धुरात कशाला बसती, त्यापेक्षा पटांगण झाडत जा. आईची कंबर ठणठणीत होती. मी तेव्हा चौथीत, त्याच शाळेत. पोरांनी डबे उघडले की मी एकटी ताट घेऊन आईपुढं बसायचे. ती वाढायची, मी खायचे. दोघी एकमेकींकडं बघायचो नाही.

म्हणून कॉलेजात ऋतुजानं पहिल्यांदा माझ्या डब्यात हात घातला तेव्हा मी दचकलेच. तिनं विचारलंसुद्धा नाही. चटणी उचलली, भाकरीवर घेतली, खाल्ली. म्हणाली, असली चटणी आमच्या आईला सात जन्मात जमायची न्हाई. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, चटणी जरा जास्त देत जा. आईनं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मैत्रीण खाती. दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन कप्पे भरून चटणी यायला लागली. मी किती खूश होते हे सांगायला मला आज लाज वाटते.

जर्मनीत जगभरच्या विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धा होत्या. वीसेक खेळ, कुठकुठल्या देशांचे खेळाडू. तिथं स्वयंसेवक लागणार होते. सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले. आम्ही दोघींनी अर्ज केला. इंग्रजीतून मुलाखत होती. पाचवीपासून मी मिशनच्या शाळेत शिकलेली, मला बोलता यायचं. ऋतुजाला घाम फुटायचा. मी रोज तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं घोकून घ्यायचे. दोघींची निवड झाली. विमानाच्या भाड्याची जमवाजमव कशी केली ती वेगळी कथा, ती इथं नको. काकू पोरीला एकटीला पाठवायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी माझ्या आईला फोन केला. म्हणाल्या, तुमची पोरगी बरोबर हाय म्हनून पाठवते, माझ्या लेकीला संभाळ म्हनावं तिला. आईला केवढं बरं वाटलं होतं. तो फोन तिनं सगळ्या वस्तीला सांगितला.

तिथं गेल्यावर गळ्यात एक कार्ड दिलं. त्यावर आपला फोटो आणि मोठ्या अक्षरात फक्त नाव. आडनाव बारीक, कुणी वाचूही नये इतकं. आमचं काम धावण्याच्या मैदानावर. शर्यत सुरू व्हायच्या आधी खेळाडू अंगावरचे गरम कपडे काढून टोपलीत टाकतात. ती टोपली उचलून पळत शेवटच्या रेघेपाशी न्यायची. दुसऱ्याचे घामट कपडे उचलायचं काम, पण तिथं त्याची कुणाला लाज नव्हती. माझ्या एका बाजूला एक रिटायर झालेले जर्मन आजोबा टोपली उचलायचे, दुसऱ्या बाजूला डॉक्टरची पोरगी. सगळ्यांना एकाच रंगाचा टीशर्ट. एका संध्याकाळी ऋतुजा म्हणाली, "इथं किती बरं हाय ना गं. कोन कुनाची काय इचारत न्हाई." मला वाटलं, हिला कळतंय. मला खरंच वाटलं.

जेवणाचे हाल होते. सकाळी पाव, दुपारी पाव, रात्री थंड भाजी. ऋतुजा भाकरीसाठी रडायला आली. माझ्या आईनं बॅगेत ज्वारीचं पीठ घातलं होतं, विमानतळावर पांढरी पावडर म्हणून अडवतील या भीतीनं मी रस्ताभर अर्धमेली झाले होते. आम्ही राहत होतो त्या हॉस्टेलात सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. परात नव्हती, मी मोठी ताटली उलटी घातली. शेगडी विजेची, जाळ नाही. भाकर तव्यावरून काढून विस्तवावर टाकायची आपली सवय. मी ती सरळ तापलेल्या शेगडीवर टाकली. धूर झाला, छतावरची घंटा कोकलायला लागली आणि सगळं हॉस्टेल जिने उतरून रस्त्यावर. संध्याकाळची वेळ, कुणी साबण लावलेलं, कुणी चप्पल विसरलेलं. मी मधोमध उभी, मनगटापर्यंत पिठाचे हात. ऋतुजा पोट धरून हसत होती. मीही हसले. तसं खळखळून मी परत हसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी केनियाची एक पोरगी विचारत आली, काय करत होतीस. मी तिला थापून दाखवली. मग फडक्यानं दाबून तव्यावरच फुगवायची युक्ती जमली आणि रोज संध्याकाळी टेबलाभोवती चारपाच देशांच्या पोरी गोळा व्हायला लागल्या. ऋतुजा फोटो काढायची. त्यातला एक फोटो फार सुरेख आला होता. फक्त हात, पीठ आणि अर्धी थापलेली भाकर. माझं तोंड त्यात नव्हतं.

एक दिवस मी भाकर टाकत असताना काकूंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, जेवलीस का, काय जेवलीस. ऋतुजा म्हणाली, भाकर. काकू म्हणाल्या, अगं बया, कुनी केली?

ऋतुजानं मोबाईल भिंतीकडं वळवला. मी दिसू नये म्हणून. आणि म्हणाली, "मीच केली, आई."

काकू म्हणाल्या, माझी बाय ती. फोन ठेवल्यावर ऋतुजा माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, तुला म्हाइती ना आईचं, तिला कळलं तर जेवायची न्हाई दोन दिवस, तू मनावर घेऊ नको. मी बरं म्हटलं. खरं तर मी हातातलं पीठ तिथंच टाकून द्यायला हवं होतं. मी तिला त्या संध्याकाळीही वाढलं.

तो हातांचा फोटो तिनं घरी पाठवला. काकूंनी स्टेटसला ठेवला. तिथून तो कॉलेजच्या ग्रुपवर गेला आणि सरांनी खाली लिहिलं, आमच्या विद्यार्थिनीनं जगाला भाकर खाऊ घातली. आम्ही परत आलो तर कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माझे हात. खाली ऋतुजाचं नाव, तिचा हसरा फोटो, आणि शुभेच्छुक म्हणून गावातल्या बाप्यांची ओळीनं मुंडकी. माझं नाव एका कोपऱ्यात, सहकारी म्हणून.

मी ऋतुजाला विचारलं. ती म्हणाली, सरांनी परस्पर लावलं, आता बदलायला सांगितलं तर आईला कळंल, घरी चहाला ये, तिथं बोलू. मी गेले. मला वाटलं, घरात बोलेल. आईला हळूच बाजूला घेऊन सांगेल. म्हणून मी त्या ओट्यावर होते आणि म्हणून कागदी कप हातात घेऊनही बसून राहिले.

सर बोलले. ऋतुजाचं कौतुक झालं, भाकरीचं झालं, आईच्या संस्कारांचं झालं. काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग ऋतुजाच्या एका चुलतीला माझी आठवण झाली. तिनं विचारलं, "आन तू काय करायचीस गं तिकडं?"

मी ऋतुजाकडं बघत राहिले. तिला बोलायला जागा ठेवली.

तिनं मोबाईलमधून मान वर काढली नाही. म्हणाली, "भांडी घासू लागायची मला."

बायकांनी माना हलवल्या. बरं झालं, सोबत झाली म्हणाल्या. इतक्या सहज हलल्या त्या माना. मी जर्मनीला जाऊन भांडीच घासली असणार, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

मी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. उठून उभी राहिले. माझा आवाज चढला नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"काकू, त्या फोटोतले हात माझे हायेत. तुमची पोरगी तिकडं रोज माझ्या हातची भाकर खायची. आन इथं कॉलेजात माझ्या आईच्या हातचं खाती."

काकूंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पोरीला विचारलं, "खरं हाय का गं?"

ऋतुजा रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "न्हाई, आई. खोटं बोलती ही. हिला माझं बघवत न्हाई."

काकूंच्या कपानं मला एवढं लागलं नव्हतं. काकू माझ्या कोण? पण हिच्या मुलाखतीची उत्तरं मी घोकून घेतली होती. हिला ताप आला तेव्हा परक्या देशात औषधाचं दुकान शोधत मी फिरले होते. मला तिला मारावंसं वाटलं, आणि तिनं येऊन मला धरावं असंही वाटलं. तिनं आईला धरलं.

सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. हळू आवाजात म्हणाले, "अगं, मला ठावं हाय तुझेच हात असतील. पन एका भाकरीपायी चारचौघांत तमाशा? जा, सॉरी म्हन, मिटवून टाक."

मी म्हटलं, "सर, कप चारचौघांतच दिला मला."

ते घड्याळ बघायला लागले. मी चालत फाट्यावर आले. दोन्ही बाजूंनी ऊस, रस्त्यावर कुणी नाही. तिथं मी हंबरडा फोडून रडले, ते खोटं सांगणार नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल, कशाला मोठ्यांच्या नादी लागलीस म्हणेल. ती मेथी निवडत होती. निवडता निवडता थांबली. म्हणाली, "शाळंत मीबी तवा बोलाया पायजे हुतं." पुन्हा मेथी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडं गेले. म्हटलं, एक तर हात काढा, नाही तर खाली माझं नाव लिहा. ते बघतो म्हणाले. दोन दिवसांनी अख्खा फ्लेक्सच उतरवला. माझं नाव लिहिण्यापेक्षा त्यांना ते सोपं गेलं. वर्गात आता काही पोरी माझ्या शेजारी बसत नाहीत. खडूस म्हणतात. म्हणू देत.

मग एका दुपारी ऋतुजाचा मेसेज आला. लांबलचक. माझं चुकलं, आईपुढं माझा नाइलाज होता, तू पण समजून घे ना. मनातून तूच माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहेस. गावात नको, तिकडं राहुरीला भेटू, कुणाला कळणार नाही.

मी तो मेसेज किती वेळा वाचला कुणास ठाऊक. मला तिची आठवण येते. टोपल्या घेऊन पळताना ती धापा टाकत माझं नाव घेऊन हाका मारायची, ते अजून कानात आहे. हो म्हणायला माझं बोट दोनदा गेलं. पण शेवटच्या वाक्यावर अडले. कुणाला कळणार नाही. म्हणजे पुन्हा मोबाईल भिंतीकडं.

मी लिहिलं, "मनातून नको. तुझ्या ओट्यावर बोल. काकूंसमोर, त्याच बायकांसमोर. मग माझ्या घरी जेवायला ये."

तिनं वाचलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. ते येणार नाही हे मला कळून चुकलंय, आणि मी वाट बघायचीही सोडलीय. पुढच्या स्पर्धांना मी पुन्हा अर्ज करणार आहे, एकटीनं. पीठ घेऊन जाईन, जो येईल त्याला वाढीन. पण माझ्या हातचं खायचं असेल तर खाताना माझं नाव घ्यावं लागेल, आपल्या आईसमोर, आपल्या गावासमोर. चोरून खाणाऱ्याला मी आता वाढणार नाही. ऋतुजालासुद्धा नाही.